वाटाण्याएवढी दाढ आणि चार बोटांचा घोडा

घोडा घेणारा जाणकार माणूस आधी घोड्याच्या तोंडात बघतो आणि मग पायांवरून हात फिरवतो. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी भरणारा सारंगखेड्याचा बाजार असो की दुसरा कुठला, ही रीत बदलत नाही. रंग, भोवरे, चाल हे सगळं नंतर. दात वय सांगतात आणि पाय किती वर्षं साथ देतील ते सांगतात. साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या घोड्याची ओळख पटवणारा जीवाश्मतज्ज्ञही हेच करतो. त्याच्यासमोर जिवंत जनावर नसतं. वाटाण्याएवढी एक दाढ असते, नशीब असेल तर घोट्याचं एक हाड असतं, आणि तेवढ्यावर अख्खा प्राणी उभा करायचा असतो.

हा प्राणी म्हणजे इओहिप्पस आणि त्याची अगदी जवळची भावंडं. ग्रीक भाषेत इओस म्हणजे पहाट आणि हिप्पोस म्हणजे घोडा. पहाटेचा घोडा, हे नाव गोड आहे पण फसवं आहे. नाव ऐकलं की डोळ्यांसमोर एक चिमुकला घोडा येतो, आयाळ उडवत माळावरून धावणारा. त्या काळी असा माळच नव्हता. गवताची कुरणं पसरायला अजून कोट्यवधी वर्षं जायची होती. हा प्राणी दाट, दमट, उष्ण जंगलाच्या तळाशी पालापाचोळ्यातून वाट काढत चालायचा, कोवळी पानं, कोंब आणि गळून पडलेली फळं खायचा. त्याला घोडा म्हणतो ते आपण, कारण पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

सह्याद्रीच्या जंगलात पिसोरी पाहिलेल्या माणसाला इओहिप्पसची कल्पना सगळ्यात चांगली येईल. पिसोरी नात्याने हरणा-डुकरांच्या बाजूची, जोड खुरांची, त्यामुळे रक्ताचा संबंध दूरचा. पण अंगलट तीच. पाठ मध्ये उंचावलेली, मागचा भाग पुढच्यापेक्षा जरा वर, मान आखूड, पाय बारीक, आणि झुडपाखालून वाकून निसटायला सोयीचं शरीर. इओहिप्पसची खांद्यापाशी उंची साधारण ३५ सेंटिमीटर. शेपूट लांबट. तोंड आखूड, आणि डोळा कवटीच्या जवळजवळ मध्यावर.

डोळ्याची ही जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. आजच्या घोड्याचा डोळा खूप मागे सरकलेला दिसतो. मोठा घास उपटता यावा म्हणून तोंड लांब झालं हे एक कारण आहेच, पण दुसरं कारण दाढांचं आहे. आजच्या तरण्या घोड्याची दाढ हिरडीवर दिसते तेवढी नसते, तिचा मोठा भाग जबड्याच्या आत दडलेला असतो. वरखाली मिळून सात ते नऊ सेंटिमीटर लांबीच्या या दाढा मावायला जबडा खोल हवा आणि डोळा त्यांच्या वाटेतून बाजूला हवा. इओहिप्पसच्या दाढा ठेंगण्या होत्या. त्यांना जागा लागत नव्हती, म्हणून डोळाही मागे गेला नव्हता.

पुढच्या पायाला चार बोटं, मागच्या पायाला तीन. प्रत्येक बोटाच्या टोकाला स्वतंत्र छोटं खूर. पण सगळा भार खुरांवर नव्हता. बोटांच्या मागे कुत्र्याच्या पंजाला असते तशी मऊ गादी होती आणि पाऊल तिच्यावर टेकायचं. आज असा पाय बघायचा तर तापीर बघावा. त्यालाही पुढे चार आणि मागे तीन बोटं आहेत, तोही ओल्या मातीच्या जंगलातला, आणि घोडा, गेंडा, तापीर ही तिन्ही कुळं एकाच मुळाची. भुसभुशीत जमिनीवर बोटं फाकतात, पाय रुतत नाही. एकाच खुराचा घोडा चिखलात जसा फसतो तसा हा फसला नसता. ही उणीव नव्हती, त्या जमिनीवर हाच पाय कामाचा होता, आणि घोड्याची गोष्ट सांगताना सगळ्यात जास्त विसरली जाते ती हीच बाब.

आता दात. एकूण ४४. जबड्याच्या प्रत्येक अर्ध्यात तीन पटाशीचे दात, एक सुळा, चार उपदाढा आणि तीन दाढा. आजच्या नर घोड्याला साधारण ४० आणि घोडीला ३६ दात असतात. घोडीला सुळे बहुधा येतच नाहीत. इओहिप्पसच्या कुळात मात्र माद्यांनाही सुळे होते, नरांचे अधिक मोठे. दाढेवर गुळगुळीत उंचवटे असायचे, वरच्या दाढेवर सहा, आणि त्यांना जोडणाऱ्या पुसट कडा नुकत्या उमटू लागलेल्या. पान चावायला, फळ चिरडायला एवढं पुरे. याच कडा पुढे उंच झाल्या, वळल्या, एकमेकींत गुंतल्या, त्यांच्या मधल्या खाचा सिमेंटसारख्या थराने भरल्या आणि घोड्याची दाढ जात्याच्या टाकी लावलेल्या पाळीसारखी झाली.

या दातांनी भल्याभल्यांना चकवलं आहे. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या हर्न बे गावाजवळ समुद्रकाठच्या लंडन क्ले नावाच्या चिकणमातीत एक छोटी कवटी सापडली. शरीररचनेचे इंग्लिश अभ्यासक रिचर्ड ओवेन यांनी १८४१ साली तिचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं हायराकोथेरियम. हायरॅक्स हा आफ्रिका आणि अरबस्तानात खडकांवर राहणारा, सशाच्या आकाराचा प्राणी. त्याच्यासारखं श्वापद, असा या नावाचा अर्थ. जातीचं नाव लेपोरिनम, म्हणजे सशासारखा. घोडा कुठेच नाही. त्याच सुमारास सफकमधल्या कायसन या ठिकाणी मिळालेले काही दात तर ओवेन यांना माकडाचे वाटले होते. ते याच कुळातले निघाले, आणि ती चूक पुढे त्यांनीच सुधारली. यात ओवेन यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. ठेंगण्या, गोल उंचवट्यांच्या दाढा माकड, डुक्कर आणि पहाटेचा घोडा या सगळ्यांमध्ये वरवर सारख्याच दिसतात. मधल्या पिढ्या सापडेपर्यंत त्या कवटीचं घोड्याशी नातं दिसणं शक्यच नव्हतं.

त्या मधल्या पिढ्या अमेरिकेच्या पश्चिम भागात सापडल्या. येल विद्यापीठातल्या ओथनिएल मार्श यांनी खडकांच्या थरांतून घोड्यांची हाडं पेट्याच्या पेट्या भरून आणली. १८७६ च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली त्यांच्याकडे गेले. युरोपातल्या हाडांवरून घोड्याची वंशावळ मांडायचं त्यांच्या मनात होतं, पण मार्श यांचा संग्रह बघितल्यावर त्यांनी ते टिपण बाजूला ठेवलं आणि सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या व्याख्यानात अमेरिकन घोडा मांडला. एक बोट, तीन बोटं, पुढच्या पायाला चार बोटं, असं मागे मागे जात त्यांनी सांगितलं की याहून जुन्या थरात चार पूर्ण बोटं आणि पाचव्याची खूण असलेला प्राणी मिळायला हवा. दोनच महिन्यांत मार्श यांनी इओहिप्पस हे नाव जाहीर केलं. हक्सली यांनी तो प्राणी मिळायच्या आधीच गमतीने त्याचं चित्र काढलं होतं, पाठीवर एक ‘इओहोमो’, म्हणजे पहाटेचा माणूस, स्वार झालेला. ते चित्र येलने जपून ठेवलं आहे.

पण घोडं पेंड खातं ते नावापाशी. १९३२ साली क्लाइव्ह फॉर्स्टर कूपर यांनी ठरवलं की इंग्लंडचा हायराकोथेरियम आणि अमेरिकेचा इओहिप्पस एकच. आधी दिलेलं नाव टिकतं हा नियम, त्यामुळे ‘इओहिप्पस’ गेलं आणि पाठ्यपुस्तकांत ‘हायराकोथेरियम’ आलं. पुढे जेरेमी हूकर यांनी मूळ इंग्लिश नमुना नीट तपासला तेव्हा तो घोड्यांच्या सरळ रांगेतला नसून पॅलिओथेर नावाच्या युरोपी चुलत शाखेतला ठरला. २००२ मध्ये डेव्हिड फ्रोलिक यांनी अमेरिकेतले नमुने दातांच्या बारकाव्यांवरून वेगळे केले. एकाच नावाखाली कोंबलेले प्राणी सिफ्रहिप्पस, मिनिपस, अरेनाहिप्पस, प्रोटोरोहिप्पस अशा अनेक वंशांत विभागले गेले आणि इओहिप्पस हे नावही परत आलं. म्हणून एखाद्या पुस्तकात ‘घोड्याचा पहिला पूर्वज हायराकोथेरियम’ असं लिहिलेलं दिसलं तर ते पुस्तक जुन्या मताचं आहे असं समजावं. यातलं सिफ्रहिप्पस हे नाव मला सगळ्यात आवडतं. अरबी सिफर, म्हणजे आपल्याही बोलण्यात येणारं सिफर, शून्य. मोजणी जिथून सुरू होते तो घोडा.

सिफ्रहिप्पसचे दात वायोमिंग राज्यातल्या बिगहॉर्न खोऱ्यात सापडतात. आज तिथे उघडेबोडके डोंगर आहेत, लाल, जांभळ्या, करड्या पट्ट्यांचे. प्रत्येक पट्टा म्हणजे एकेकाळच्या पूरमैदानातली माती. दात हे शरीरातलं सगळ्यात कठीण अंग, म्हणून तेच टिकतात. ते मिळवायची रीत सोपी आहे, फक्त चिकाटीची आहे. आधी उतारावर गुडघ्यांवर रांगत पृष्ठभाग बघायचा, ऊन तिरपं असताना. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, मातीपेक्षा वेगळं चमकतं. एक दात दिसला की तिथेच थांबून उताराच्या वरच्या बाजूला थर शोधायचा, कारण दात वरून घरंगळत आलेला असतो. थर ठरला की माती पोत्यांत भरायची आणि चाळणीवर धुवायची. बहुतेक नवखे इथे चुकतात. माती ओली असेल तर ती पाण्यात विरघळत नाही, गोळे तसेच राहतात आणि चोळायला गेलं की दात मोडतात. माती आधी कडकडीत वाळवायची आणि मग पाण्यात टाकायची. कोरडी चिकणमाती पाणी शोषताना स्वतःच फुटते. तरीही हट्टी निघाली तर पुन्हा वाळवून रॉकेलमध्ये भिजवायची, रॉकेल ओतून काढायचं आणि मग पाणी घालायचं. रॉकेल शिरलेल्या भेगांत पाणी घुसतं आणि गोळा बसतो. चाळणी एकावर एक लावायच्या, वर जाड भोकांची, खाली बारीक. खालची फार जाड निवडली तर वाटाण्याएवढ्या दाढा मिळतात, पण त्याच थरातले उंदराएवढ्या प्राण्यांचे दात वाहून जातात, आणि मग तिथे फक्त घोडेच राहत होते असं खोटं चित्र तयार होतं.

तडा गेलेलं हाड जागेवरून उचलण्याआधी पक्कं करावं लागतं. त्यासाठी पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं द्रव्य ॲसिटोनमध्ये पातळ करून थेंबाथेंबाने मुरवतात, हाड कोरडं असतानाच. ओल्या हाडावर घातलं तर पांढरा साका धरतो आणि आत काही जात नाही. मोठा तुकडा असेल तर त्यावर ओल्या कागदाचे थर, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. कागद विसरला तर प्लास्टर हाडालाच चिकटतं आणि प्रयोगशाळेत हाडासकट निघतं. लंडन क्ले किंवा कोळशाच्या खाणीतल्या हाडांना वेगळीच कीड लागते. त्यांत पायराइट असतं. दमट हवेत ते हवेशी संयोग पावून आम्ल सोडतं आणि हाड पिवळी-पांढरी बुकटी होऊन ढासळतं. संग्रहालयाच्या कपाटात हवा कोरडी ठेवली नाही तर कोट्यवधी वर्षं टिकलेला नमुना काही वर्षांत संपतो.

दाढ हातात आल्यावर ती घोड्याचीच का, हे ठरवायचं. वरची दाढ असेल तर सहा उंचवटे मोजायचे आणि कडा कशा तिरप्या धावतात ते बघायचं. मग उपदाढांकडे वळायचं. इओहिप्पसच्या उपदाढा साध्या, त्रिकोणी, दाढांपेक्षा वेगळ्या असतात. पुढच्या घोड्यांत त्या मागून पुढे एकेक करून दाढेचं रूप घेतात. ओरोहिप्पसमध्ये चौथी उपदाढ, एपिहिप्पसमध्ये तिसरी आणि चौथी, आणि मेसोहिप्पसपर्यंत दुसरीसुद्धा. म्हणजे जबड्याचा तुकडा मिळाला तर किती उपदाढा ‘दाढ’ झाल्या हे मोजून घोडा कुठल्या टप्प्यावरचा ते सांगता येतं. सावध राहायचं ते दुधाच्या दातांपासून. पिल्लाची शेवटची दुधाची दाढ हुबेहूब पक्क्या दाढेसारखी दिसते. तिचं इनॅमल पातळ आणि मुळं फाकलेली असतात, एवढ्यावरूनच ती ओळखायची. ओळखली नाही तर एका पिल्लाचा ‘नवाच छोटा घोडा’ होऊन बसतो.

याच दाढेवरून वजन काढतात. आजच्या शेकडो सस्तन प्राण्यांत पहिल्या दाढेची लांबी गुणिले रुंदी आणि शरीराचं वजन यांचं प्रमाण ठाऊक आहे, त्यावरून हिशेब मांडायचा. म्हाताऱ्या जनावराच्या दाढा शेजारच्या दाढांना घासून लांबीलाही कमी होतात, तेव्हा फार झिजलेल्या दाढा बाजूला ठेवायच्या. एका दाढेवर विसंबायचंच नाही, एकाच थरातल्या अनेक दाढा हव्यात.

हा हिशेब रॉस सेकॉर्ड आणि सहकाऱ्यांनी बिगहॉर्नच्या दातांवर थर मोजून मोजून केला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. काळ ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. हवेत कार्बन भसाभस वाढून पृथ्वी अचानक तापली होती, सगळी मिळून पावणेदोन लाख वर्षं. सिफ्रहिप्पसचं सुरुवातीचं वजन ५.६ किलो. तापमान चढत गेलं तसतसा तो आकसला, सुमारे १ लाख ३० हजार वर्षांत ३.९ किलोवर आला. मोठ्या बोक्याचा जणू मध्यम बोका झाला. हवा पुन्हा थंड होऊ लागली आणि पुढच्या ४५ हजार वर्षांत तो ७ किलोपर्यंत वाढला. त्या वेळच्या पाण्यातल्या प्राणवायूचे जड आणि हलके प्रकार इनॅमलमध्ये जसेच्या तसे राहतात, त्यावरून तापमानाचा अंदाज येतो. त्याच थरांतल्या दातांमधली तापमानाची नोंद आणि घोड्याचा आकार, दोन्ही रेषा हातात हात घालून चालताना दिसल्या. उष्ण प्रदेशात प्राणी लहान होतात हे आपल्याला नकाशावर दिसतं. इथे ते काळावर दिसलं, एकाच खोऱ्यात, एकाच कुळात. घोडा मोठा मोठाच होत गेला असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ३.९ किलो लक्षात ठेवावेत. कुळाच्या पहिल्याच पावलाला तो लहान झाला.

मेंदूच्या बाबतीत चूक झाली ती थेट नमुन्याचीच. कवटीच्या पोकळीत भरलेल्या गाळाचा साचा मेंदूचा आकार दाखवतो. टिली एडिंगर यांनी १९४८ मध्ये अशा साच्यांवरून घोड्याच्या मेंदूचा इतिहास लिहिला. काम मोठंच होतं. पण त्यांनी इओहिप्पसचा म्हणून घेतलेला साचा घोड्याचा नव्हताच, तो त्या काळच्या दुसऱ्याच, जुन्या ठेवणीच्या खुरवाल्या प्राण्याचा होता. १९७६ मध्ये लिओनार्ड रॅडिन्स्की यांनी खऱ्या नमुन्यांवरून दाखवलं की पहिल्या घोड्यांचा मेंदू समजला गेला त्यापेक्षा बराच प्रगत होता. मधली सुमारे तीस वर्षं हा प्राणी पुस्तकांत उगाचच मंद ठरला.

दात आणि घोटे एवढ्यावर चालणाऱ्या या कामात एक ठिकाण मात्र असं आहे जिथे सगळं शरीर मिळतं. जर्मनीत डार्मश्टाटजवळ मेसेलची खाण. ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी तिथे ज्वालामुखीच्या मुखात खोल तळं साचलं होतं. तळाशी प्राणवायू नव्हता, त्यामुळे बुडालेलं जनावर कोणी खाल्लं नाही, लाटांनी विस्कटलं नाही. तिथला युरोहिप्पस पहिल्या घोड्यांच्या चुलत घराण्यातला, खांद्यापाशी ३०-३५ सेंटिमीटर. या खाणीत एकदा कचरा टाकायचं घाटत होतं. लोकांनी आणि संशोधकांनी ते थांबवलं आणि १९९५ पासून ती जागतिक वारसा स्थळ आहे.

मेसेलचा तेलकट शेल दगड दिसायला पाटीसारखा, पण त्यात जवळजवळ ४० टक्के पाणी असतं. फोडला आणि उन्हात राहिला की काही तासांत पापुद्रे सुटून वाळक्या पानासारखा मुरडतो आणि त्यावरचं हाडही त्याच्याबरोबर तुटतं. म्हणून सापडलेली लादी लगेच ओल्या कागदात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. क्ष-किरणाने आत कुठे काय आहे ते बघतात. मग दगड ओला ठेवत सुईने आणि ब्रशने एकच बाजू मोकळी करतात. उघडी हाडं तेवढी नीट वाळवतात, भोवती मऊ मातीची भिंत घालतात आणि वरून इपॉक्सी राळ ओततात. हाडात ओल राहिली तर राळ धरत नाही. एकदम जाड थर ओतला तर घट्ट होताना ती तापते, बुडबुडे येतात. राळ पक्की झाली की लादी उलटी करून मागच्या बाजूचा सगळा दगड काढून टाकायचा. दगडातला सांगाडा राळेत आला, आता वाळण्याची भीती नाही. या कामाला महिने लागतात आणि पहिल्या दिवशी हलगर्जी झाली तर पुढचे महिने वाया.

अशा सांगाड्यांच्या पोटात शेवटचं जेवणही सापडलं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पानांची कातडी दिसते आणि द्राक्षवर्गातल्या फळांच्या बियाही. गवत नाही. दाढेने जे सांगितलं तेच पोटाने सांगितलं.

२००० साली मेसेलमध्ये एक घोडी सापडली, पोटात पिल्लू असलेली. २०१५ मध्ये येन्स फ्रान्सेन आणि सहकाऱ्यांनी तिचा तपशील प्रसिद्ध केला. पिल्लाची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या तळव्यात मावेल एवढं. दुधाच्या दाढा तयार झालेल्या, म्हणजे दिवस भरत आले होते. गर्भाशयाला पाठीच्या कण्याशी बांधून ठेवणारा पडदाही दगडात उमटला आहे, कारण जिवाणूंनी मांस कुजवताना त्याच जागी खनिजाचा ठसा धरला. पिल्लू उताणं आहे आणि पुढचे पाय अजून ताणलेले नाहीत. घोडीच्या प्रसूतीत पिल्लू पालथं वळतं आणि पुढचे पाय आधी बाहेर येतात, हे घोडी पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणजे ही घोडी विताना अडली नव्हती, ती दुसऱ्याच कशाने तळ्यात गेली. पोटात एकच पिल्लू, आजच्या घोडीसारखंच. देहाचा आकार कितीतरी पटींनी बदलला, विण्याची रीत तशीच राहिली.

हे कुळ आलं कुठून, या प्रश्नाने आपल्याकडे वळावं लागतं. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत घोडे उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियात जवळजवळ एकदम हजर होतात, मागे पूर्वज न दाखवता. सुरतेच्या ईशान्येला वस्तान इथली लिग्नाइटची खाण या कोड्यावर थोडा उजेड पाडते. तिथल्या कोळशाच्या थरांखालचा खोल तळ म्हणजे आपल्याच दख्खनच्या लाव्ह्याचा काळा पाषाण, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या कितीतरी वर साचलेल्या गाळात केम्बेथेरियम नावाच्या, शेळी-मेंढीएवढ्या प्राण्याची हाडं मिळाली. सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी त्याला २००५ मध्ये नाव दिलं. पुढे भारतीय, अमेरिकन आणि बेल्जियन संशोधकांनी साडेतीनशेहून अधिक हाडं अभ्यासली. दाढा, घोटा, पायाची बोटं सगळं घोडा-गेंडा-तापीर कुळाच्या उंबरठ्यावरचं. पुढच्या पायाला अजून पाच बोटं शाबूत. वय साधारण ५ कोटी ४५ लाख वर्षं, म्हणजे तो पहिल्या घोड्यांपेक्षा धाकटा आहे आणि त्यांचा पूर्वज असूच शकत नाही. तो मागे राहिलेला भाऊ. भारत तेव्हा समुद्रातून आशियाकडे सरकत होता. ज्या शाखेतून घोडे निघाले ती या तरत्या भूभागावर वाढली असावी, असं हा भाऊ सुचवतो. खाणीचा कडा कामाबरोबर पुढे सरकत जातो आणि हाडांचा थर त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे तिथे वेचायला मिळालेली प्रत्येक दाढ मोलाची.

संग्रहालयातल्या जुन्या तक्त्यांवर इओहिप्पसपासून आजच्या घोड्यापर्यंत चढती शिडी काढलेली असते, चार बोटं, तीन, एक. तक्ता सोपा असतो म्हणून टिकला, पण तो खरा नाही. एकाच वेळी एकाच प्रदेशात अनेक जातींचे घोडे नांदले. कुरणं पसरल्यावर काही उंच दाढांचे झाले, काही पानंच खात जंगलात राहिले, काहींचा आकार पुन्हा घटला. तीन बोटांचा हिप्पेरियन आपल्या शिवालिक टेकड्यांपर्यंत आला आणि लाखो वर्षं मजेत जगला. या सगळ्या फांद्या वाळल्या आणि एकच उरली. उरलेल्या एका फांदीवरून मागे बघितलं की झाडाची काठी दिसते.

त्या फांदीवर मात्र जुन्या अंगाच्या खुणा आहेत आणि रोज घोडा हाताळणाऱ्यांना त्या सोसाव्या लागतात. वरच्या जबड्यात पहिल्या मोठ्या दाढेच्या अगदी पुढे कधी कधी एक बारीक खडा असतो. इंग्रजीत त्याला लांडग्याचा दात म्हणतात. ती इओहिप्पसची पहिली उपदाढ. तिला आता काही काम नाही, पण लगामाची लोखंडी सळई तिच्यावर आपटते, घोडा मान झटकतो, आणि लोक त्याला खोडसाळ समजतात. पशुवैद्याकडून तो दात काढून घेतला की मान स्थिर होते. मोठ्या दाढा वर्षाला दोन-तीन मिलिमीटर झिजतात आणि तेवढ्याच वर सरकतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, म्हणून वरच्या दाढांची बाहेरची धार आणि खालच्यांची आतली धार घासली न जाता टोकदार राहते, गाल आणि जीभ कापते. घोडा चारा अर्धा चावून तोंडातून टाकू लागला की समजावं, कानस मारायची वेळ झाली. ठेंगण्या दाढांच्या इओहिप्पसला हे दुखणं नव्हतं.

पायाचं तसंच. बोटांमागची गादी गेली आणि तिच्या जागी स्प्रिंग आली. बोटं हलवणारा आतला स्नायू बदलत बदलत जवळजवळ सगळाच चिवट बंध झाला. टाप पडली की खुरावरचा सांधा खाली दबतो, बंध ताणतो आणि सुटताना पाय वर फेकतो. धावण्यातली बरीच मेहनत तो वाचवतो. बाजूची बोटं सुटली, त्यांची वरची हाडं मात्र गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाला दोन्ही बाजूंनी चिकटून राहिली. दोन-तीन वर्षांच्या घोड्याला लवकर कामाला जुंपलं, कडक जमिनीवर पळवलं, तर आतल्या बाजूचं हे हाड आणि नळी यांच्या मधला बंध दुखावतो. जागा गरम होते, सुजते, घोडा आखडतो. वेळीच थंड पाणी आणि काही आठवडे विश्रांती दिली तर गाठ कडक होऊन बसते आणि दुखणं जातं. तसाच पळवत राहिलं तर गाठ वाढत जाऊन मागच्या बंधाला घासू लागते.

ते हाड बघायचं असेल तर शांत घोडा निवडावा, त्याच्या खांद्याला खेटून, तोंड शेपटीकडे करून उभं राहावं. पुढचा पाय गुडघ्यात दुमडून हातात घ्यावा, म्हणजे मागचे बंध सैल पडतात. गुडघ्याच्या खाली, आतल्या बाजूला, नळी आणि मागचा बंध यांच्या मधल्या खाचेत अंगठा ठेवावा आणि न दाबता खाली आणावा. पेन्सिलीसारखी एक कड लागते, वर जाड, खाली बारीक होत गेलेली. नळीच्या तीन चतुर्थांश लांबीपर्यंत ती साथ देते आणि मग वाटाण्याएवढ्या गोल बोंडाशी संपते. इओहिप्पसचं ते बोट इथून पुढे सुरू व्हायचं.